दोन पाती, एक तपासणी

देवास गाव एकच, पण राज्यं दोन. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. राजे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. चिंतामणपंत थोरल्या पातीत हिशेब-तपासनीस होते.

अफूचा व्यापार बसला तेव्हा माळव्यातल्या कितीक पेढ्या बुडाल्या आणि ठेवी ठेवणारे मास्तर, पुजारी, विधवा उघड्यावर पडले. मग दोन्ही दरबारांनी नियम केला: दरसाल सरकारी माणसानं पेढीची तिजोरी उघडून पाहायची, ठेवींच्या चौथाईइतकी रोकड तिच्यात असलीच पाहिजे.

गेंदालाल शेठची दुकानं रस्त्याच्या दोन्ही अंगांना होती. पंत गेले तेव्हा तिजोरी भरलेली. "गिणी लो, पंतजी," शेठ म्हणाले. पंतांनी मोजलं, शेरा मारला. पुढं एका दुपारी जेवायला घरी जाताना त्यांना शेठचे हमाल जड थैल्या घेऊन रस्ता ओलांडताना दिसले. दुसऱ्या दिवशी धाकट्या पातीची तपासणी होती. ती तारीख साऱ्या बाजाराला ठाऊक होती.

रीतीनं लिहायचं तर कागद या दिवाणांकडून त्या दिवाणांकडे फिरत बसला असता. तपासणी उरकल्यावर पंत स्वतःच पलीकडच्या तपासनिसांकडे, जयसिंगरावांकडे गेले.

"तुमच्याकडे रोकड भरली?"

"पुरेपूर."

"माझ्याकडेही भरली होती. थैल्या इकडे येताना मी पाहिल्या."

जयसिंगरावांनी पानाचा डबा पुढं सरकवला. मग म्हणाले, "दोघं एकदमच जाऊ. पण हुकूम?"

"मागितला तर शेठला कळेल."

पंतांच्या सासूबाईंची, भवानीबाईंची, सगळी पुंजी त्याच पेढीत होती. त्या रात्री पंत जेवले, बायकोशी, उमाबाईंशी, आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलले आणि निजले.

सोमवारी सकाळी दोघं आपापल्या बाजूच्या दुकानात एकाच वेळी शिरले. थैल्या पंतांच्या बाजूला निघाल्या. पलीकडची तिजोरी जवळजवळ रिकामी होती. दोन्ही दुकानांना सील लागलं. शेठची घरं-जमिनी विकून ठेवीदारांना रुपयामागं दहा आणे मिळाले, तेही दोन वर्षांनी.

"आईला आधी सांगता आलं नसतं?" उमाबाईंनी विचारलं.

"आलं असतं."

"मग?"

"त्यांनी पैसे काढले असते, तर दुसऱ्या कुणाचे तेवढे कमी झाले असते."

उमाबाई उठून आत गेल्या. पुढं कित्येक दिवस त्या कामापुरतंच बोलत.

हुकमाशिवाय परक्या पातीच्या तपासनिसाशी परस्पर ठरवल्याबद्दल पंतांना ठपका बसला, बढती अडली. पुढल्या साली नवा नियम निघाला: दोन्हीकडची तपासणी एकाच दिवशी, आगाऊ न कळवता. त्यात दोघांचीही नावं नव्हती. पंतांनी तो वाचून खाली पोच लिहिली.

भवानीबाईंनी हाती आलेल्या पैशांच्या पाटल्या करून घेतल्या. दिवाळीला जावई आले की त्या पूर्वीसारखंच आग्रहानं वाढत. पैशाअडक्याचा सल्ला मात्र त्यांनी पंतांना पुन्हा कधी विचारला नाही.