येते

ऊर्मी ढोक नागपूरची. कॅनडात सस्काटूनला माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये राहते आणि शेतीच्या मशिन्समधले कॉम्प्युटर दुरुस्त करते. २०१७ च्या उन्हाळ्यात कंपनीने तिला सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात धाडलं. नावाचा अर्थ डोंगर, पण ही गेली त्या बाजूला नुसतं सपाट गवत! राज्य महाराष्ट्राहून मोठं, माणसं नागपूर शहराच्या निम्मीही नाहीत. आपण चुकलो की काय, हे विचारायलासुद्धा कुणी दिसेना.

शेवटी वॉल्टर नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचं मशिन दुरुस्त करून निघताना ती सवयीने म्हणाली, "ओके, आय विल कम."

ती घरी परतली आणि रविवारी त्याचा फोन आला. तो जेवण मांडून बसला होता. कुठवर आलीस, विचारत होता.

फोन ठेवून ऊर्मी गोंधळून मलाच म्हणाली, "अगं, मी कधी बोलले येणार म्हणून?"

"निघताना काय म्हणालीस?"

"येते म्हटलं. मग काय जाते म्हणू?"

मी कपाळाला हात लावला. "इंग्लिशमध्ये येते म्हणजे येतेच, बाई!"

तिने स्पीकरवर फोन लावला, दहादा सॉरी म्हणाली आणि ठेवताना परत तेच, "ओके, आय विल कम."

"पुढच्या रविवारी?" वॉल्टरने विचारलं.