भिंती तेवढ्या त्यांच्या

कुठं वायर जळाल्याचा वास आला की मला गारखेड्यातली ती भाड्याची खोली आठवते. त्या दिवशी मी शेंद्र्याला कामावर होतो, बायको भाजी आणायला गेली होती आणि तेवढ्यात जिन्याखालच्या मीटरनं पेट घेतला. आम्ही पोचलो तोवर आग विझवली होती. बायकोचं शिलाई मशीन काळं ठिक्कर पडलं होतं आणि गिऱ्हाइकांनी लग्नासाठी शिवायला दिलेल्या ब्लाउजांचा ओला काळा लगदा झाला होता. ती त्यातून हुक आणि मणी वेचत बसली. पुढं घरमालकांबरोबर विमा कंपनीचा माणूस आला आणि भिंतींचे, छताचे फोटो काढू लागला. मी मशीनकडं बोट दाखवलं, तर तो म्हणाला, "हा विमा इमारतीचा आहे. भाडेकरूनं आपल्या सामानाचा वेगळा काढायचा असतो." बायकोनं घरमालकांना विचारलं, "काका, आग तर तुमच्या मीटरची ना?" "व्हय, पण मशीन माझं नव्हतं पोरी," ते म्हणाले. गिऱ्हाइकांचे बोल तिनं दारोदार जाऊन एकटीनं ऐकले. विम्याच्या पैशांतून खोलीला पिस्ता रंग लागला. आम्ही परत राहायला गेलो, तेव्हा काका दारातच उभे होते. म्हणाले, "ते जळकं मशीन भाईरच ठेवा, नव्या भिंतीला डाग लागंल." आता आम्ही दुसरीकडं भाड्यानं राहतो आणि सामानाचा विमा न चुकता भरतो, बायकोनं मात्र त्यानंतर कुणाचं कापड शिवायला घेतलं नाही.