पिवळा दिवा घेऊन रावेत ते चाकण

जायचं ठरलं ते माझ्या मुलामुळं. दत्तानं जेवताना जाहीर केलं, "रविवारी भंगारवाला येतोय. गाडी देऊन टाकू."

मी म्हटलं, "आणि मी गंगूकडं कशी जाऊ? तुझ्या खांद्यावर बसून?"

गंगू माझी धाकटी बहीण. चाकणच्या पुढं राहते, गुडघ्यांनी तिला घरात बसवलंय. माझी नात प्राजक्ता सुट्टीला मला तिच्याकडं नेते, ह्याच जुन्या गाडीतून. बसची पायरी आता मला चढवत नाही. म्हणजे गाडी गेली की गंगू फोनपुरतीच उरली.

(मला लिहिता येत नाही. मी बोलते, प्राजक्ता टाइप करते. मधेच काही शहाणपणाचं सापडलं तर ते तिनं घुसडलंय.)

दत्ताचंही अगदीच चुकत नव्हतं. इंजिनाचा पिवळा दिवा पेटून बसलेला, सिग्नलला गाडी थरथरायची, पेट्रोल ढोसायची, आणि धुराच्या तपासणीत नापास झालेली. पिंपळे सौदागरच्या गॅरेजवाल्यानं मशीन लावून सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, सोबत सायलेन्सरमधला धूर साफ करणारा डबाही बदला. डब्याची किंमत ऐकून दत्ताला भंगारवाला आठवला. प्राजक्ता चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथल्या मैत्रिणीनं बालाजीचं गॅरेज सुचवलं. "दाखवून तरी येऊ," प्राजक्ता म्हणाली. शनिवारी निघालो.

जाणार असाल तर निगडी, तळवडे, महाळुंगे असं जा, आणि कंपन्यांच्या बस सुटायच्या आधी जा. आम्ही चहाच्या दुसऱ्या कपात अडकलो, म्हणून तळवड्याला अडकलो. इंद्रायणीच्या पुलावर मात्र काच खाली करा, बरं वाटतं. पुढं रस्त्याला खड्डे आहेत. माझी कंबर त्यांना नावानिशी ओळखते.

बालाजीचं गॅरेज कांद्याच्या ट्रकांच्या रांगेमागं. माणूस परभणीचा, बोलणं पाटाच्या पाण्यासारखं, थांबत नाही.

"सेन्सर बदल आन् मोकळं कर बाबा," मी म्हटलं.

"आजी, घाई काहून करायलाव? दिव्यानं सेन्सरचं नाव घेतलं म्हणून त्यालाच फाशी द्यायची का?"

"मग चालव खटला."

आधी त्यानं इंजिन चांगलं तापू दिलं. थंड असताना हा सेन्सर कामच करत नाही म्हणे. मग मला समजावलं. सेन्सर धुराच्या नळीत बसतो, धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आणि इंजिनाला कळवतो, पेट्रोल कमी घे की जास्त.

"म्हंजी सासू," मी म्हटलं. "बाहेर बसून वास घेती आन् आत सांगती, फोडणीत तेल कमी घाल."

"बरोबर! आता सासूचं नाक चोंदलंय, का निरोपच आत पोचत नाही, ते बघू."

त्यानं मशीन जोडलं. पडद्यावर एक रेघ उमटली. सेन्सर नीट असला की ती भराभर वरखाली नाचते. आमची म्हशीसारखी आडवी पसरलेली. रेस दिली तरी हलेना. मग त्यानं मीटरनं वायरी तपासल्या, ठीक होत्या. सेन्सरच्या आधी नळीला फट असली तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सरची उगाच बदनामी होते, म्हणून तेही बघितलं. फट नव्हती. नळी निवेपर्यंत आम्ही शेजारी मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर दिवसभर आठवण येते.

परत आलो तर सेन्सर बालाजीच्या हातात. टोक पांढरं, भुकटी बसल्यासारखं.

"काळं असतं तर काजळी म्हटली असती. हे सिलिकॉन हाय. इंजिनावर कुणी गळती बुजवायचं सीलंट थापलंय का? त्याची वाफ इंजिनात जळती आन् इथं येऊन बसती."

बॉनेट उघडंच होतं. इंजिनाच्या झाकणाभोवती करडा जाड थर. प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं, मी प्राजक्ताकडं. खंडेनवमी! दत्ताच्या कंपनीत त्या दिवशी मशीनखाली तेलाचा थेंब चालत नाही. आठवडाभर घासतात, रंगवतात, मग हळदकुंकू. दत्ताची सवय घरीही आली. गाडीच्या झाकणातून तेल झिरपत होतं, तर पूजेआधी पठ्ठ्यानं कंपनीत वापरतात तसली ट्यूब आणून थापली.

"हात लई सढळ हाय," बालाजी म्हणाला. "केकवर मलई लावल्यावानी."

"माझा मुलगा हाय."

बालाजीनं मान खाली घातली. "न्हाई... कडा सरळ काढल्यात."

थर खरवडला, झाकणाचं रबर नवं घातलं, सेन्सर नवा. रेघ नाचायला लागली. सगळं मिळून डब्याच्या किमतीच्या पाव हिश्श्याइतकंही झालं नाही. पण डबा?

"तो बी खराब झाला असंल तर धूर नापास व्हईल. आधी गाडी फिरवून आणा, मग तपासा."

फिरवायला गंगूचं घर होतंच. तिनं पिठलं-भाकरी केली होती. वाढता वाढता म्हणाली, "आज शेवटचीच आलीस म्हण की."

"पिठल्यात मीठ बघते, मग ठरवते," मी म्हटलं. ती हसली, पण निघताना माझा हात तिनं जरा जास्त वेळ धरला.

परतीला तळवड्याच्या पंपावर धूर तपासला. तिथल्या माणसानं सायलेन्सरात नळी घातली, कागद छापला. कागद प्राजक्ताच्या हातात होता, मी तिचं तोंड बघत होते. पास! तिनं भर पंपावर हॉर्न वाजवला आणि मागच्या टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

घरी आल्यावर तिनं बापाला सीलंटचं सांगितलं. दत्ता म्हणाला, "कंपनीत तर हेच लावतो."

"लग्नात जिलबी चालते म्हणून बाळंतिणीला बी देशील व्हय?" मी म्हटलं. बालाजीनं सांगितलं होतं, सेन्सरच्या गाडीसाठी वेगळं सीलंट येतं, ते मागून घ्या. तुम्हीही घ्या. आणि कुणी मोठा खर्च सांगितला तर आधी एवढं विचारा, कशावरून? मला ह्या प्रवासातून एवढंच मिळालं, कंबरदुखी सोडून.

रविवारी भंगारवाला खरंच दारात आला. दत्ता खाली गेला. मी गॅलरीत वाटाणे सोलत कान देऊन बसले.

"काय साहेब, पडूनच तर असती ना गाडी?" भंगारवाला म्हणाला.

"पडून कुठं," दत्ता म्हणाला. "आई वापरते."