इंजिनावरचा लाल टप

माझ्या व्याह्यांनी मला फसवले. गोष्ट मोटारीच्या टपाची आहे.

मी जुन्या जीपगाड्या आणि ट्रक घ्यायचो, ठाकठीक करून धडगावच्या घाटात चालवणाऱ्यांना विकायचो. शिक्षण चौथीपर्यंत, पण सौद्यात मला कोणी गुंडाळले नव्हते. साठ सालच्या सुमारास तळोद्याकडच्या एका जहागीरदाराच्या मुलाकडून मी एक विलायती मोटार उचलली. लालभडक, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. तिचा टप दोन तुकड्यांचा होता. चार खटके उघडले की हातात यायचा. आतून राखाडी कापड, कडेने रबराची पट्टी.

त्या घरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला बजावले होते, "शेठ, आडवा टाकू नका, उभा ठेवा. वर ओझे नको, ओल नको. रबराला शंखजिऱ्याची पूड चोळा, म्हणजे ते चिकटणार नाही. हा टप गेला तर दुसरा या मुलखात मिळायचा नाही."

नंदुरबारला माझे घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. मोटार अंगणात ताडपत्रीखाली राहिली, पण तिथल्या ओलीत टप गेला असता, म्हणून तो काढला; त्याला कोरडी जागा हवी होती. मुलगी तापीकाठच्या गावात दिलेली. व्याह्यांची कापसाची खोली चांगली ऐसपैस. मी दोन्ही तुकडे घोंगडीत गुंडाळले, बैलगाडीत कडबा अंथरून पाठवले आणि निश्चिंत झालो. भाडे नाही, राखणदार नाही, शिवाय घरचे लोक. आपण फार शहाणपणा केला असे मला वाटत होते.

चूक तिथेच झाली. आमच्यात मुलीचा बाप तिच्या सासरी पाणी पीत नाही, कामाशिवाय उंबरा चढत नाही. मग माझी वस्तू तिथे कशी आहे ते बघायला जाणार कोण? मागायचे झाले तरी मान खाली घालून. ज्या एका घरात मला आवाज चढवता येत नाही, नेमके तेच घर मी निवडले होते.

व्याही दर आठवड्याला बाजाराला यायचे. मी विचारायचो, "टप कसा शे?"

"जसाना तसा शे. तुम्ही काळजी करू नका."

असे चार वर्षे चालले.

मग नवापूरच्या ओळखीने सुरतेचा एक शौकीन माणूस मोटार घ्यायला आला. मोटारीभोवती तीनदा फिरला, खाली वाकून बघितले, आणि म्हणाला, टप बसवून दाखवा, आजच घेऊन जातो. त्याला चहावर बसवून मी भाड्याची जीप काढली. पाण्याचा तांब्या सोबत घेतला.

घरी न जाता मी व्याह्यांच्या मळ्यातच थांबलो, गड्याला निरोप द्यायला धाडले. ऊन चढले होते. विहिरीजवळ तेलावरचे इंजिन धडधडत होते. चार खांब, बाजूंना उसाच्या पाचटाचे कूड. त्या सावलीला टेकलो, तांब्या तोंडाला लावला आणि वर बघितले.

वर लाल रंग होता.

राखाडी कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या. रबर वितळून खांबावर ओघळले होते. एका तुकड्याच्या मधोमध भोक पाडून इंजिनाचे धुराडे वर काढले होते. आजूबाजूचा रंग जळून फोड आले होते. मी उठून त्या पत्र्याला हात लावला. चटका बसला, तरी हात काढायचे सुचेना.

व्याही हसतमुख आले. "या, या! रामराम! इंजिन पाही ऱ्हायनात का?"

"हाई काय शे?"

"सावली. इंजिनले."

"आनि हाई भोक?"

"मंग धूर कोठेन जाई?"

माझे डोके फिरले. व्याही आहेत, मुलीचे घर आहे, सगळे विसरलो. तांब्या आपटला. तोंडात आले ते बोललो. गडी मोट थांबावी तसे जागच्या जागी थांबले. तेवढ्यात मुलगी भाकरीची टोपली घेऊन बांधावरून आली. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "आबा, त्यास्ले बोलू नका. मीच दिधं."

मला वाटले, मी नीट ऐकले नाही.

"तुम्ही ठेवी गयात. आयकनं मले पडनं."

मग तिने सांगितले. दर दसऱ्याला कापूस घरात आला की सासरे माणसांदेखत म्हणायचे, "सूनबाईच्या आंदणात मोटारीचा टप आला, मोटार बापाकडेच राहिली." पाहुणे हसायचे, हिने खाली बघून ताटे वाढायची. चौथ्या वर्षी तिने स्वतःच घोंगडी सोडली आणि म्हणाली, न्या, इंजिनावर घाला, पण हे बोलणे बंद करा.

व्याही तोवर पाचटाची एक काडी मोडत उभे होते. "थट्टा व्हती ती," एवढेच बोलले.

मी तसाच परत आलो. सुरतेचा माणूस निघून गेला होता. मोटार पुढे बोडकीच विकली गेली. त्याचे मी धरून बसलो नाही, सौद्यात असे होते. टप त्या घरात मी ठेवला, हेही मान्य.

पण व्याही, आठवड्याच्या आठवड्याला बाजारात मी तुमच्यासमोर उभा असायचो. टप नकोसा झाला होता तर मला "उचला" म्हणायला तुमची जीभ का उचलली नाही? चार वर्षे ते माझ्या मुलीला का ऐकवले? दसऱ्याला ज्यांच्यापुढे हसलात, त्यांच्याचपुढे बसून मला याचा जबाब द्या.