गोड्या पाण्याची बादली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, वनिताजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं.

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथंच आता प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या विभागाची एक रीत आहे — कोकणच्या सहलीत जो नमुना आणेल, त्याचं नाव बरणीवरच्या चिठ्ठीत. संग्रहालयात ऑक्टोपसची बरणी एकच. तिच्यावर माझं नाव आहे. ते पाहायला बाबा नांदगाव खंडेश्वरहून मुद्दाम आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शिपायाला म्हणाले, "हे माह्या पोरीचं नाव हाय बरं!" आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. तो अभिमान खोटा होता का? नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली.

पण बरणीच्या आधीचं सांगते.

ओहोटीला खडकांत पाणी साचून राहतं, तशा एका डबक्यात, आमच्या वर्गाच्या सहलीत, तो ऑक्टोपस मला दिसला. मी बोट बुडवलं. कपारीतून त्याची एक भुजा आली — थांबली — बोटाला लागली, मग बांगडीवरून फिरली. हे काय आहे बुवा, असं. दुसरं कुणी वाकलं की तो आत. मी वाकले की बाहेर. दुसऱ्या दिवशीही तेच! माझी मैत्रीण वनिता ओरडलीच, "माय वं! थो तं तुले वळखून राह्यला!" समुद्र पहिल्यांदाच पाहणारी मी वऱ्हाडातली पोर — आणि एवढ्या घोळक्यातून त्यानं मला निवडलं. फुशारकी म्हणा हवं तर. आजही छाती फुगते.

तिसऱ्या दिवशी सगळे झोपलेले असताना मी एकटी गेले. हातात बादली. बादलीत लॉजच्या नळाचं पाणी. समुद्रातला हा जीव गोड्या पाण्यात जगत नाही — मला ठाऊक होतं. म्हणूनच तर नळावर भरली.

सरांना सांगितलं, कोळ्यांच्या जाळ्यात मेलेला मिळाला. परतल्यावर बडनेरा स्टेशनात गाडीतून उतरताना वनितानं बरणीकडे पाहत विचारलं, "हा तुयावाला तं नाही ना वं?"

"पागल झाली का?" मी म्हटलं. ती हसली. तिला पटलं.

दरवर्षी मी मुलांना त्या बरणीसमोर उभं करते. हा प्राणी माणसं ओळखतो, म्हणते, माणसाबद्दल त्याला कुतूहल असतं. पुस्तकातलं म्हणून सांगते. स्वतःचं म्हणून कसं सांगणार? मग पुढचं विचारतील ना.

तर पुढचं. त्याला पकडावं लागलंच नाही. मी हात पाण्यात धरला आणि तो आपणहून हातावर चढला. शाईसुद्धा सोडली नाही. बादलीत तो पांढरा पडत गेला, तरी माझं बोट सोडेना. बोटाला चिकटलेले त्याच्या भुजेवरचे चोषक मी एकेक करून उपटत होते — आणि तेव्हाही माझ्या मनात हेच होतं, की हा माझ्याचकडे आला.