वॉकीटॉकीवरचे सर

काही लोक फिरायला जातात, बघतात, गप्प घरी येतात. असल्या लोकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमचे सर त्यातले नव्हते.

सर म्हणजे शाळेतले नव्हे. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे आणि रविवारी लोकांना मिनीबसमध्ये कोंबून गडावर न्यायचे. डोक्यावर झालरीची टोपी, गळ्यात शिट्टी, खांद्याला वॉकीटॉकी. कुठून फिरून आले की ग्रुपवर त्यांची व्हॉइस नोट यायची. आधी नाकातून एक लांब श्वास, सर्दी झालेल्या रेड्यासारखा. मग, "पहिली गोष्ट, आपण पर्यटक नाही, भटके आहोत. दुसरी गोष्ट, निसर्ग शिस्त शिकवतो. क्लिअर?" जगातला कुठलाही विषय द्या, त्यात सरांना दोनच गोष्टी सापडायच्या.

शिवाय सर शोध लावायचे. "मी शोधलेला धबधबा", "मी शोधलेली वाट". त्यांनी शोधलेल्या एका वाटेवर मी गेलोय. वाटभर शेण होतं. म्हणजे सरांच्या आधी ती म्हशींनी शोधली होती, फक्त म्हशींनी ग्रुपवर टाकलं नव्हतं.

आता माझं सांगतो. मी नांदगावचा. करमणूक म्हणाल तर बाजार आणि एकमेकांच्या नकला. सातवीत असताना मी दाराबाहेर उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात "सोडा यांना घरी" म्हणालो आणि शेजारचा वर्ग खरंच दप्तरं उचलून घरी गेला. मार भरपूर बसला, पण धंदा कळला. सध्या सातपूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे आणि ताईकडे राहतो.

गडाचं खूळ ताईचं. माझं नव्हे.

लहानपणी शाळेची सहल निघाली की आई म्हणायची, "पोरीची जात, पाय-बिय मोडला तर कोण करेल?" मी जायचो, ताई माझा डबा भरून द्यायची. मग लग्न, दोन पोरं, दाजींच्या शिफ्टी, त्यात डाव्या गुडघ्याचं दुखणं. एकदा लग्नाला कल्याणला जाताना घोटीच्या पुढं तिला बसच्या खिडकीतून एक गड दिसला. कुठला ते सांगत नाही, आधीच तिथं गर्दी फार झालीये. ताई खिडकीला नाक लावून म्हणाली, "वर जाता येतं का रे?" मी म्हणालो, "माकडांना येतं." ती हसली नाही. तिला वर जायचं होतं. नुसतं खालून बघायचं नव्हतं, पायथ्याच्या देवीला नारळ फोडून परत यायचं नव्हतं. वर.

तिनं बूट घेतले. पोरांचे डबे करायच्या आधी अंधारात उठून चालायला जाऊ लागली. शेजारणी म्हणायच्या, "कुणाला दाखवायला बारीक होतीयेस गं?" ताई चालत राहायची. पावसाळा सरत आला तेव्हा ग्रुपवर तोच गड जाहीर झाला आणि तिनं आम्हा दोघांची नावं दिली.

जाताना बसमध्ये मी मागच्या सीटवर सरांची नक्कल केली. हळू आवाजात, पण पूर्ण. श्वास, दोन गोष्टी, क्लिअर, सगळं. मागचे लोक तोंडात रुमाल कोंबून हसत होते. ताईनं मला कोपर मारलं, "गप. त्यांच्यामुळं चाललोय आपण."

चढ सुरू झाला आणि ताई मागे पडली. दमली नव्हती, फक्त हळू होती. एक पाऊल टाकायची, गुडघ्याला विचारायची, मग दुसरं. तिच्या मागे सगळ्यात शेवटी एक आडदांड दादा चालायचे. सटाण्याकडचे, मनानं गरीब. शेवटच्या माणसाला सांभाळून आणायचं हे त्यांचं काम, म्हणून ग्रुपची दुसरी वॉकीटॉकी त्यांच्याकडे.

अर्ध्यावर खिंड आहे. तिथं आम्ही पोचलो तर सर घड्याळ बघत उभे.

"ताई," सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिली गोष्ट, तुम्हाला उशीर झालाय. दुसरी गोष्ट, पुढं शिडी आहे, दोर आहे. तुम्ही इथंच बसा. इथूनही छान दिसतं."

"सर, मी येते ना हळूहळू. दम नाही लागलेला."

"हळूहळूवाल्यांसाठी आपण थंडीत हुरडा पार्टी ठेवतो. त्याला या."

दोघं-तिघं हसले. सकाळी माझ्या नकलेला हसलेलेच. ताई दगडावर बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली, विनाकारण.

मी म्हणालो, "मग मीपण थांबतो."

"तू जा," ताई खाली बघूनच म्हणाली. "फोटो काढून आण मला."

तो फोटो शब्द माझ्या टाळूला चिकटला. मी चढत होतो आणि मनात सरांना नांदगावच्या बाजारात मिळतात तेवढ्या सगळ्या शिव्या देत होतो, जोडशिव्यांसकट.

शिडीपाशी गर्दी तुंबली. सर दोर धरून वरच्या खोबणीत उभे राहिले, एकेकाला ओढून घ्यायला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी वॉकीटॉकी काढली आणि नेमकी माझ्याकडे दिली. "धर. दाबू नको काही."

मी धरली. थोड्या वेळानं ती खरखरली. खाली ताईजवळ थांबलेले दादा.

"सर, ताई म्हणतात पाय बरा शे. वर याचं म्हणतात. आणू का?"

मी वर बघितलं. सर एका जाड्या पोराच्या दंडाला लटकून ओरडत होते, "उजवा पाय! अरे तुझा उजवा!" त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

मी बटण दाबलं आणि नाकातून श्वास ओढला.

"पहिली गोष्ट, ताईंना सावकाश वर आणा. दुसरी गोष्ट, शिडीवर तुम्ही त्यांच्या मागे राहा." इथं थांबायला हवं होतं. पण सूर लागला की मला थांबता येत नाही. "तिसरी गोष्ट, त्यांची सॅक तुम्ही घ्या. क्लिअर?"

"क्लिअर सर."

माथ्यावर नुसतं धुकं होतं. सगळ्यांनी डबे उघडले. सर मधोमध बसून हिमाचलमध्ये आपण कसा एक रस्ता शोधला ते सांगत होते. मी तोच घास चावत होतो. कान शिडीकडे.

धुक्यातून आधी दादा दिसले, छातीवर स्वतःची सॅक, पाठीवर ताईची. त्यांच्या पुढं ताई. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, तळहातांना शिडीचा गंज. मला ओलांडून ती सरळ सरांसमोर गेली आणि हात जोडले.

"सर, तुम्ही हो म्हणालात म्हणून आले हो. किती आपुलकीनं बोललात. माझ्या सॅकचीसुद्धा काळजी केलीत."

सरांच्या हातातली पोळी हातातच राहिली. "मी?"

"तुम्हीच ना सर," दादा म्हणाले. "तिसरी गोष्ट, सॅक तुम्ही घ्या म्हणालात."

सर उभे राहिले. "मी आयुष्यात कधी तिसरी गोष्ट सांगत नाही."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकेक करून सगळी डोकी माझ्याकडे वळली. ज्यांना मी बसमध्ये फुकट हसवलं होतं, तीच.

"नालायका," सर म्हणाले, "ती पडली असती तर? तिच्या घरी तू कुठल्या आवाजात सांगितलं असतंस?"

मी त्यांच्यापेक्षा जोरात ओरडलो. "तुम्ही तिला हुरडा खायला बोलवता होय? ती कधीपासून अंधारात उठून चालतीये, विचारलंत कधी? शिट्टी गळ्यात घातली म्हणून डोंगर तुमच्या बापाचा झाला का?"

"बाप काढू नको!"

"काढला! काय करणार?"

दादा मध्ये पडले नसते तर आम्ही दोघांनी त्या माथ्यावर एकमेकांची कॉलर धरली असती. पण मला गप्प केलं ते ताईनं.

"तू बोललास ते?" तिनं विचारलं. "मला वाटलं, त्यांनी माझी चाल बघितली आणि हो म्हणाले. शिडीवर पाय लटपटत होता, तेव्हा मी हेच म्हणत होते मनात. ज्याला कळतं तो हो म्हणालाय, मग जमेल. आणि तो तू होतास? माकडतोंड्या, तुला काय कळतं गडातलं?"

"अगं तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी खाली माझ्याशेजारी उभं राहून भांडायचं होतंस, तुझ्या आवाजात."

सरांनी संधी साधली. "तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता खाली उतरा. दादा, घेऊन जा यांना."

"मी नाही उतरणार," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "सर, तुम्ही नाही म्हणाला होतात, हा हो म्हणाला. दोघांचं ऐकून झालंय माझं. मी अजून काही बघितलेलं नाही. बघून झालं की उतरेन."

ती कड्याकडे गेली आणि बसली. समोर धुकं, दुसरं काही नाही. सगळ्यांचे डबे आटपले, सरांनी दोनदा शिट्टी मारली, ताई उठली नाही. एकदा धुकं जरासं फाटलं, खाली भाताची हिरवी खाचरं आणि रस्त्यावरची एक लाल एसटी दिसली, पुन्हा बंद झालं. मग ती उठली. "चला," म्हणाली, जणू आम्हीच तिला थांबवलं होतं.

उतरताना सर शिडीवर तिच्या खालच्या पायरीवर राहिले. तिचा एकेक पाय हातानं धरून जागेवर ठेवत होते आणि पूर्ण वेळ मला शिव्या देत होते. "डावा इथं, हां... आणि हा हलकट पुन्हा माझ्या बसमध्ये दिसता कामा नये... आता उजवा."

घोटी यायच्या आत माझं नाव ग्रुपमधून उडालं. घोटीच्या चौकात बस थांबली.

"उतर," सर म्हणाले. "एसटीनं ये."

मी ताईकडे बघितलं. ती उठेल असं मला खरंच वाटलं. तिनं खिडकीची काच सरकवली आणि म्हणाली, "वाटेत कुठं टवाळक्या करत बसू नको. आज कुकर तुला लावायचाय."

बस गेली. मी चौकात उभं राहून बसच्या मागच्या काचेला जे हातवारे केले ते इथं लिहिता येणार नाहीत.

घरी पोचलो तर ताई गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. गुडघा कलिंगडाएवढा. दोन्ही पोरं आणि दाजी समोर.

"मग मला खिंडीत बसवलं," ती सांगत होती.

"मग?" धाकटी म्हणाली.

"मग काय. मी उठले आणि गेले."

वॉकीटॉकी नाही, सर नाहीत, मी तर नाहीच. मी दारातच थांबलो. दाजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय रे, तू होतास ना? खरंच चढली ही?"

सगळी माझ्याकडे बघायला लागली. ताईसुद्धा.

"चढली," मी म्हणालो. "पण तो सर एक नंबरचा हलकट माणूस आहे."

"आहेच," ताई म्हणाली आणि बादलीत आणखी गरम पाणी ओतलं. "पुढच्या महिन्यात पेठकडचा डोंगर आहे. मी नाव दिलंय."

"आणि माझं?"

"तू तांदूळ धू."