मुलींच्या वर्गावरचं छत

एसीची जाळी धुताना ओल्या धुळीचा वास आला की माझा श्वास अजूनही आपोआप रोखला जातो. कतारमधलं, दोह्यातलं विद्यापीठ तेव्हा नवं होतं. इमारती वाढत होत्या आणि आम्ही एसी बसवत होतो. मुलींच्या बाजूला मात्र त्या यायच्या आत काम उरकून बाहेर पडायचं, असा कडक नियम. "कुणाला दिसलास तर थेट गावी. खलास," फोरमन बजावायचा. त्या सकाळी मी फॉल्स सीलिंगमध्ये शिरलो, शिडी तो शेजारच्या वर्गात घेऊन गेला आणि मुली वेळेआधीच आल्या. मी वर घामानं ओल्या झालेल्या धुळीत श्वास रोखून पालथा पडून राहिलो. उघड्या चौकटीतून घामाचा थेंब शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर पडला. त्यांनी वर पाहिलं. आमची नजरानजर झाली. बायको, पोरं, सगळी डोळ्यांपुढे आली. बाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, बोटानं थेंब पुसला, "यल्ला", चला चला, म्हणत मुलींना दुसरीकडे नेलं आणि जाताना दार ओढून घेतलं. आता नात कॉलेजात आहे. न्यायला गेलो की म्हणते, "आजोबा, आत या ना." मी फाटकाबाहेरच उभा राहतो.